रसायनशास्त्रात ठिपके काढायला शिकवणाऱ्या गिल्बर्ट लुईस यांना नोबेल कधीच मिळालं नाही

शाळेत रासायनिक बंध शिकताना मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती ठिपके काढलेले आठवतात? एक ठिपका म्हणजे एक इलेक्ट्रॉन, दोन ठिपके म्हणजे एक जोडी. ही पद्धत गिल्बर्ट लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञाची.

लुईस यांचा जन्म १८७५ चा, मॅसॅच्युसेट्समधला. लहानपणीचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. पुढे १८९९ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवून ते जर्मनीत शिकायला गेले.

इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०२ मध्ये, हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना आवर्तसारणी समजावून सांगताना लुईस यांना एक कल्पना सुचली. अणू हा एक घन आहे आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसलेत, असं समजलं तर? आठही कोपरे भरले की अणू स्थिर.

मिठाचं गणित यात सहज सुटायचं. सोडिअमकडे बाहेर एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला.

पण क्लोरीनचे दोन अणू एकमेकांना का धरून बसतात? दोघांकडे सात-सात इलेक्ट्रॉन, दोघांनाही एकेकच हवा. मग देणार कोण?

लुईस यांनी १९१६ च्या शोधनिबंधात उत्तर दिलं : कुणीच द्यायचा नाही. दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवायचा आणि ती जोडी सामाईक वापरायची. म्हणजे प्रत्येकाचे आठ पूर्ण. पाणी, साखर, प्लास्टिक, आपल्या शरीरातली प्रथिनं, सगळीकडे अणूंना बांधून ठेवतात त्या अशाच जोड्या. घनाकृती अणू पुढे चुकीचा ठरला, जोडी मात्र टिकली.

पहिल्या महायुद्धात लुईस लष्कराच्या रासायनिक युद्ध विभागात गेले. इकडे १९१९ पासून आयर्विंग लँगम्युअर यांनी हीच कल्पना वाढवली, 'कोव्हॅलन्स' हा शब्द दिला आणि व्याख्यानांमधून ती गावोगावी पोहोचवली. लँगम्युअर फर्डे वक्ते, लुईस बुजरे. मग लोक या सिद्धांताला लँगम्युअर यांचंही नाव जोडू लागले. लुईस यांना ते लागलं. १९२३ मध्ये त्यांनी 'व्हॅलन्स' हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली.

१९३२ मध्ये लँगम्युअर यांना नोबेल मिळालं, पण ते पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी. पुढच्याच वर्षी लुईस यांनी जवळजवळ शुद्ध जड पाणी वेगळं काढलं. तरी १९३४ चं नोबेल गेलं जड हायड्रोजन शोधणाऱ्या हॅरॉल्ड युरी यांना. हे युरी लुईस यांचेच विद्यार्थी!

लुईस यांचं नाव नोबेलसाठी पस्तीसहून जास्त वेळा सुचवलं गेलं. पुरस्कार एकदाही नाही.

१९१२ पासून शेवटपर्यंत ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. तिथे त्यांच्याजवळ शिकलेल्या किंवा त्यांच्या विभागात काम केलेल्या युरी, जिओक, सीबोर्ग, लिबी आणि कॅल्विन या पाच जणांना नोबेल मिळालं.

२३ मार्च १९४६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, लुईस प्रयोगशाळेतच मृतावस्थेत सापडले. ते हायड्रोजन सायनाइड या विषारी रसायनावर प्रयोग करत होते. त्या दुपारी ते लँगम्युअर यांच्यासोबत जेवले होते, असं सांगतात. त्यामुळे आत्महत्येची कुजबुज झाली, पण मृत्यूचं कारण हृदयविकार असंच नोंदवलं गेलं.

नोबेल विजेत्यांच्या यादीत लुईस सापडत नाहीत. ते सापडतात वहीत, दोन अणूंच्या मध्ये काढलेल्या दोन ठिपक्यांत.