आचार्य बाळशास्त्री जांभेकर

इंग्रजी विद्या आत्मसात करूनही स्वधर्म व स्वभाषा यांचा अभिमान ज्यांनी सोडला नाही, अशा आरंभीच्या विद्वानांत बाळशास्त्री जांभेकर अग्रभागी होत. त्यांचा जन्म १८१२ साली कोकणात पोंभुर्ले येथे झाला. वडील गंगाधरशास्त्री यांच्याजवळ संस्कृताचा पाया पक्का करून ते मुंबईस आले व बापू छत्रे यांच्या आश्रयाने पुढील विद्या शिकले. १८३० मध्ये आपल्या वलवणाखालील बोरघाटात गाडीरस्ता खुला होऊन मुंबईचे वर्तमान देशावर लवकर पोहोचू लागले. पुढे ६ जानेवारी १८३२ रोजी शास्त्रीबुवांनी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. नंतर ते एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक झाले. विसाव्या-बाविसाव्या वर्षी इतकी मजल मारणारा पुरुष विरळाच!

त्याच काळात मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळा वाढत होत्या. अमेरिकन मिशनने १८१५ पासून शाळा चालविल्या होत्या आणि स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली आपली इंग्रजी शाळा काढली. विद्या उत्तम मिळे, परंतु तिच्याबरोबर बायबलही शिकविले जाई. मुलगा शिकावा हीही पालकांची इच्छा आणि तो बाटेल ही धास्तीही.

१८४३ साली ती धास्ती खरी ठरली. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. पित्याने न्यायालयात धाव घेतली व मुलगा त्याच्या हवाली झाला. पण न्यायालय मुलाला घरी पाठवू शकते, पंगतीला बसवू शकत नाही. श्रीपादाने मिशनऱ्यांच्या घरचे अन्न घेतले होते, सबब त्याला जातीत घेऊ नये, असे सनातनी मंडळींचे म्हणणे पडले.

येथे बाळशास्त्री पुढे झाले. अजाण मुलास प्रायश्चित्त देऊन परत घेण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असा पक्ष त्यांनी मांडला. ज्ञातिबांधवांचा रोष ओढवला, तरी त्यांनी माघार घेतली नाही आणि अखेर श्रीपादाची शुद्धी घडवून आणली. मिशनऱ्यांवर दात-ओठ खाणारे त्या वेळी पुष्कळ होते. परतलेल्या पोराला पाटावर बसविण्याची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांतले बहुतेक मागे सरले, हे आपण शिक्षकांनी व पालकांनी विसरता कामा नये.

वडीलभाऊ नारायण परत आला नाही. तो पाद्री झाला व पुढे त्याने जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली.

बाळशास्त्र्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० मध्ये काढले, शालेय पुस्तके लिहिली, आणि १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या वर्षीच, मे १८४६ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.