माहीमच्या शाळेमागचे बगदादी शेठ

वसई, खास प्रतिनिधी : वसई-विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या नोकरदारास ससून हे नाव गोदीमुळे, वाचनालयामुळे आणि पुण्याच्या रुग्णालयामुळे ठाऊक असते. वाटेवरच्या माहीम येथे त्याच नावाची औद्योगिक शाळा आहे. तिची आठवण मात्र, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांच्या घरच्यांखेरीज, फारसे कोणी काढीत नाही.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ मध्ये बगदाद येथे झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख होते. सत्ताधाऱ्यांची मर्जी फिरताच डेव्हिड यांना शहर सोडावे लागले आणि इराणमधील बुशहर बंदरातून १८३२ मध्ये ते सहकुटुंब मुंबईस आले. कापूस, सूत यांच्या जोडीने चीनकडे जाणाऱ्या अफूवरही त्यांच्या पेढीने अमाप पैसा मिळविला. हे झाकून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्या काळी चोरी करणारे अजाण पोर मुरलेल्या गुन्हेगारांच्या संगतीत तुरुंगात पडे. १८५० च्या ॲप्रेंटिस कायद्याने अशा मुलांना हुन्नर शिकण्यासाठी उमेदवारीवर ठेवण्याची सोय केली. १८५७ मध्ये ससून यांच्या आश्रयाने मुंबईत बालगुन्हेगारांची सुधारशाळा उभी राहिली. शिक्षेऐवजी सुतारकी-लोहारकी शिकवावी, वय कोवळे आहे तोवर वळण लागते, हा त्यामागचा विचार होता.

या विचाराला मेंदूविज्ञान आज निराळ्या वाटेने भिडते आहे. मेंदूतील श्वेत द्रव्य म्हणजे मायलिनचे वेष्टण असलेल्या तंतूंचे जाळे. त्याची घडण पंचविशीपर्यंत चालू राहते. वारंवार मारामारी, चोरी, क्रूरपणा करणाऱ्या, म्हणजे ‘कंडक्ट डिसऑर्डर’ असलेल्या किशोरांत दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझम या पुलासह काही तंतुमार्गांच्या रचनेत फरक आढळतो, असे एमआरआयच्या अनेक अभ्यासांत दिसले. सर्व निष्कर्ष एकमुखी नाहीत. शिवाय हे फरक गटाच्या सरासरीतले आहेत. एकट्या मुलाच्या स्कॅनवरून त्याला दोषी वा निर्दोष ठरविता येत नाही. फरकामुळे वर्तन बिघडले की हालअपेष्टांनी मेंदूची घडण बदलली, हेही सुटलेले नाही. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार तर घोर गुन्ह्याचा आरोप असलेल्या १६ ते १८ वयाच्या मुलाची मानसिक क्षमता मंडळाला प्राथमिक तपासणीतच अजमावावी लागते!

ससून यांना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिक होताना इंग्रजीऐवजी हिब्रूत सही करणारे हे शेठ मुख्यतः धर्माज्ञेने दान करीत. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग त्यांनीच बांधले. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. विरारहून मुंबईची पहिली लोकल त्यानंतर, १८६७ मध्ये धावली. पुण्याचे ससून रुग्णालयही त्याच वर्षी सुरू झाले. त्यांची कबर पुण्याच्या लाल देवळाच्या आवारात आहे. माहीमची शाळा पुढे चिल्ड्रेन्स एड सोसायटीकडे आली.