संसारातले भाषाध्ययन : श्रीमती रमाबाई रानडे

श्रीमती रमाबाई रानडे यांचा जन्म दि. २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे हे गाव पुढे यशवंतराव चव्हाणांचे जन्मस्थान म्हणूनही सर्वश्रुत झाले. मुलींना अक्षरओळख करून देण्याची प्रथा कुर्लेकरांकडे नव्हती. त्यामुळे १८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी झाल्या तेव्हा त्या निरक्षर होत्या. वर एकतीस वर्षांचा, मुंबई विद्यापीठाचा नामांकित पदवीधर आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी विधवेशी विवाह न करता वडिलांच्या आग्रहाखातर कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावले. तो बोल अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. मात्र वधूला साक्षर करण्याचा निश्चय माधवरावांनी लगोलग अमलात आणला.

रानडे यांचे बालपण कोल्हापुरात गेले होते. वडील गोविंदराव त्या संस्थानच्या सेवेत होते. निपाणीहून सुमारे ४० किलोमीटरवरील या नगरातले, जुन्या वळणाचे ते कुटुंब पुण्यात येऊन राहिले तेव्हा घरातील रीतिरिवाजही सोबत आले. सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्या देखरेखीखाली रमाबाईंचा सारा दिवस जाई. स्वयंपाक, वाढणे, सोवळे-ओवळे, पाहुणे यांतून पाटी हाती घेण्यास उरे ती रात्र. पतीचे कचेरीचे काम आणि सभा आटोपल्यावर धडा सुरू होई. प्रथम मराठी आणि मागाहून इंग्रजी, असा हा क्रम होता. पुढे स्त्री-शिक्षणक्षेत्रातील मिस हरफर्ड यांच्याकडेही त्या इंग्रजी शिकल्या.

मराठी वाचन एकवेळ खपले. इंग्रजी मात्र घरात पचण्यासारखे नव्हते. परकीय भाषेच्या पुस्तकाला शिवलेल्या सुनेने सोवळ्यात यावे कसे, हा प्रश्न त्या काळी लटका नव्हता. टोमणे, अबोला, पंगतीतली उपेक्षा हे सारे रमाबाईंच्या वाट्याला आले. माधवरावांनी वडीलधाऱ्यांना दुखवायचे नाही आणि शिकवणेही सोडायचे नाही असे धोरण ठेवले. ते त्यांच्या शांत वृत्तीस साजेसे होते खरे. पण त्याचा भार वाहावा लागला तो पत्नीलाच. उलट उत्तर न देता अभ्यास चालू ठेवणे हीच तिच्यापुढील परीक्षा होती. नाशिक आणि धुळे येथे पतीची बदली झाली तेव्हा स्वतंत्र बिऱ्हाडामुळे वेळ मिळू लागला आणि अभ्यासाने वेग घेतला. पुण्यात परतल्यावर मुलींच्या इंग्रजी शाळेच्या मागणीसाठी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. बाहेर कौतुक झाले, घरी रोष वाढला. १८८४ मध्ये हुजूरपागेची ती शाळा सुरू झाली.

१८८६ साली रानडे यांची सरकारी वित्त समितीवर नेमणूक झाली व त्या निमित्ताने उभयतांचा कलकत्त्यात मुक्काम पडला. ज्या गावी राहावे तेथील लोकांची भाषा येऊ नये, ही गोष्ट माधवरावांना लाजिरवाणी वाटली. त्यांनी बंगाली पुस्तके विकत आणविली. समितीच्या कामातून सवड कुठली! तेव्हा हजामत चालू असताना पुस्तक हाती धरून ते न्हाव्यालाच उच्चार आणि अर्थ विचारू लागले. कोणी पाहुणा आला असावा असे समजून आतून कानोसा घेणाऱ्या रमाबाईंना हे गुरुशिष्य पाहून हसू लोटले. नंतर पतीच्या हाताखाली त्याही बंगाली शिकल्या आणि मुक्काम संपण्यापूर्वी बंगाली वाचू लागल्या. सीमाभागातील वाचकांना यात नवल वाटू नये; कानडी माहेराहून मराठी सासरी किंवा मराठी माहेराहून कानडी सासरी आलेल्या कित्येक सुना चुलीपाशीच दुसरी भाषा आत्मसात करीत आल्या आहेत. त्यांना कोणी विदुषी म्हटले नाही, एवढेच.

दि. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. वैधव्याच्या आरंभीच्या काळात रमाबाई एकांतवासात राहिल्या; पण १९०८ मध्ये मुंबईच्या आणि १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या कार्यात त्या अग्रभागी आल्या. पुण्यात गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अकराव्या वर्षापर्यंत अक्षर न गिरविलेल्या स्त्रीच्या हातचे हे गद्य आहे हे वाचताना आठवत नाही, इतके ते सहज उतरले आहे. पतीविषयीच्या भक्तिभावाने ग्रंथ ओथंबलेला असला तरी घरातील छळाचे प्रसंग त्यांनी गाळले नाहीत.

१९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुण्याच्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग भरत ते दुपारी, म्हणजे घरची जेवणे उरकून बायका मोकळ्या होत त्या वेळी.