आरवली मनात वागवणारे जयवंत दळवी

वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे गाव मराठी माणसाला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, ग्रामदैवत श्री देव वेतोबा आणि दुसरे, साहित्यिक जयवंत दळवी. पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या, पण मन गावातच ठेवून येणाऱ्या चाकरमान्यांपैकीच ते एक. अशा चाकरमान्यांच्या शहरात वाढलेल्या मुलांना गावाची खरी ओळख व्हावी, असे लेखन त्यांनी मागे ठेवले.

दळवी यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२५ रोजी गोव्यातील हडफडे येथे झाला. बालपण मात्र आरवलीत गेले. पुढे मुंबईत त्यांनी 'प्रभात' आणि 'लोकसत्ता' या दैनिकांत पत्रकारिता केली. वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासासाठी ते अमेरिकेलाही जाऊन आले. त्यानंतर अमेरिकेच्या माहिती खात्याच्या मुंबई कार्यालयात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या टोपणनावाने त्यांनी सुमारे २० वर्षे चालवलेले खुसखुशीत सदर साहित्यवर्तुळात कौतुकाचा आणि धास्तीचाही विषय होते.

शहरात आलेल्या माणसाचे काय होते, हा दळवींच्या चिंतनाचा विषय होता. मुंबईच्या झोपडपट्टीचे दाहक दर्शन घडविणारी 'चक्र' ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरील हिंदी चित्रपटात स्मिता पाटील यांनी प्रमुख भूमिका केली. पाठोपाठ १९६४ साली 'सारे प्रवासी घडीचे' हे पुस्तक आले आणि दळवी पुन्हा कोकणातील आपल्या माणसांकडे वळले.

मुंबईत वाढलेल्या मुलांसाठी गाव म्हणजे गणपतीचे चार दिवस आणि मे महिन्यातील आंबे-फणस. दळवींनी दाखविलेला गाव याहून वेगळा आहे. तेथे विनोद आहे, तसे दारिद्र्यही आहे. भाबडी श्रद्धा आहे, तिरकस बोलणे आहे आणि म्हातारपणाचे एकाकीपणही आहे. गावाचे गोडवे गाण्यापेक्षा गावाची माणसे जशी होती तशी पुढच्या पिढीच्या हाती देणे त्यांनी महत्त्वाचे मानले. वारसा म्हणजे केवळ सणवार नव्हे, हे त्यामुळे वाचकाला उमगते.

मुले दूर गेल्यावर मागे राहणाऱ्यांची व्यथा त्यांनी 'संध्याछाया' या नाटकात मांडली. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात आणि घरात वाट पाहणारे वृद्ध आई-वडील. सत्तरच्या दशकातील हे नाटक परदेशस्थ मुलांच्या आज असंख्य असलेल्या कुटुंबांना आपलेच वाटावे असे आहे. आजी-आजोबांशी बोलणे तुटले की नातवंडांपर्यंत भाषा आणि आठवणी पोहोचणार कशा, हा प्रश्न या नाटकाच्या निमित्ताने आजही मनात उभा राहतो.

'महानंदा' ही कादंबरी, 'बॅरिस्टर', 'पुरुष', 'नातीगोती' ही नाटके, अशी विपुल साहित्यसंपदा मागे ठेवून १६ सप्टेंबर १९९४ रोजी दळवी यांनी जगाचा निरोप घेतला. २०२५ साली त्यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली.

वेतोबाच्या दर्शनाला येणारी चाकरमान्यांची नवी पिढी देवाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी चपला कुतूहलाने पाहते. वाटेवरच्या बंद घरांतून एकेकाळी कशी माणसे नांदत होती, हे मात्र तिला दळवींच्या पुस्तकांतच वाचावे लागेल.