दिल्लीचे अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार

राज्यशास्त्राच्या पेपरासाठी मी संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची घोकल्या. मूळ घटनेत त्यांतील विषय अनुक्रमे 97, 66 आणि 47. आकडे पाठ झाले. पण केंद्र कुठे संपते आणि राज्य कुठे सुरू होते, हे काही उमगेना. घरी विचारावे तर आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. वडिलांना एवढेच ठाऊक, की शेतसारा तलाठ्याकडे भरायचा आणि नोटेवर गव्हर्नरची सही असते. तसे पाहिले तर दोन्ही सरकारे त्यात आलीच! सारा राज्याचा, नोट केंद्राची. एकेकाळी नोटेवर ज्यांची सही असे, त्या चिंतामणराव देशमुखांच्या चरित्राने मला उरलेले शिकविले.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगडाजवळच्या नाते या गावी झाला. 1912 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, पुढे केंब्रिज, आणि 1918 साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिले. मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरी करून 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. त्यांच्या हुशारीच्या कथा पुष्कळ आहेत. मी तेथे रेंगाळत नाही.

1950 साली ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि 1952 च्या निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर गेले. शाळा, दवाखाने, पोलीस ही खर्चाची कामे घटनेने राज्यांकडे दिलेली. प्राप्तिकरासारखे वाढते उत्पन्न मात्र केंद्र गोळा करणार. म्हणून दर पाच वर्षांनी, किंवा त्याआधी, वित्त आयोग नेमावा असे 280 वे कलम सांगते. पहिला आयोग 1951 साली क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. प्राप्तिकरातील राज्यांचा वाटा त्याने 50 वरून 55 टक्के केला. शिवाय तंबाखू, काड्यापेट्या आणि वनस्पती तूप यांवरील अबकारी उत्पन्नातील 40 टक्के राज्यांना द्यावेत, असे सुचविले. या शिफारशी केंद्राने मान्य केल्या तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या चिंतामणरावांच्या हाती होत्या. राज्याला पैसा मिळावा तो हक्काने, दिल्लीच्या मर्जीने नव्हे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण पैशाची वाटणी सोपी, जमिनीची कठीण. हे तर भाऊबंदकीतही दिसते! तिसऱ्या कलमान्वये नवे राज्य करण्याचा वा सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा, तोही साध्या बहुमताने. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवायचे, पण ते बंधनकारक नाही. 1955 च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्या मतालाही मुदत घालता येऊ लागली. जानेवारी 1956 मध्ये मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील, असे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केले. मुंबई पेटली, गोळीबारात माणसे मेली. पोलीस हा राज्याचा विषय. गोळ्या झाडणारे पोलीस मुंबई राज्याचे. केंद्रातला एवढा मोठा मंत्री, पण स्वतःच्या अधिकारात त्याला चौकशी लावता येत नव्हती. न्यायालयीन चौकशीची त्यांची मागणी मान्य झाली नाही.

संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. निर्णय पटत नसेल तर मंत्र्याने तो मुकाट्याने उचलून धरावा किंवा बाहेर पडावे. चिंतामणरावांचा आक्षेप तर असा, की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर झालाच नव्हता. जुलै 1956 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली. जानेवारी ते जुलै हे सहा महिने मला खटकतात. गोळ्या खाणाऱ्यांना एवढी सवड कोणी दिली होती? तरीही खुर्ची सोडणे किती जणांना जमते, हेही खरे.

पुढच्याच महिन्यात संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्याचा कायदा केला. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तोही संसदेच्याच कायद्याने. चिंतामणराव तेव्हा विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. शिक्षण त्या काळी राज्यसूचीत होते, 1976 च्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले; उच्च शिक्षणाचा दर्जा राखण्याचे काम मात्र पहिल्यापासून केंद्राचे. 2 मे 1982 रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. आमच्या ग्रंथालयातील ज्या जाड पुस्तकातून मी घटनेची कलमे उतरवून घेतली, त्याच्या पहिल्या पानावर त्याच मंडळाच्या अनुदानाचा शिक्का आहे.