इंदूर पद्धतीचे जनक : सर अल्बर्ट हॉवर्ड

कंपोस्ट खत करण्याच्या एका पद्धतीला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. हे नाव आपल्याच इंदूरवरून पडले. ती पद्धत बसवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात येथे काम करीत होते.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून ते वेस्ट इंडिज बेटांवर पिकांच्या रोगांचा अभ्यास करायला गेले. तेथे त्यांना एक गोष्ट खटकली. शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, पण तो स्वतः करून पाहायला हाताशी जमीनच नाही!

१९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील सरकारी शेती संस्थेत आले. त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ गॅब्रिएल यांच्याशी मुंबईत त्यांचा विवाह झाला. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. पुसाच्या आसपासचे शेतकरी औषधे न फवारता निरोगी पिके कशी घेतात, हे हॉवर्ड बारकाईने पाहत. या शेतकऱ्यांना ते आपले गुरू मानत. त्यांनी स्वतःचे बैल चांगल्या जमिनीतला चारा घालून वाढवले. शेजारच्या लाळ्या-खुरकुताच्या गुरांशी नाकाला नाक लागूनही त्या बैलांना रोग झाला नाही, अशी त्यांची नोंद आहे. रोगाचे मूळ मातीच्या दुबळेपणात असते, हे त्यांचे मत येथून पक्के झाले. सगळ्याच शास्त्रज्ञांना ते पटले नाही, आणि आजही ते जसेच्या तसे कोणी घेत नाही.

इंदूरला होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकरांवर संस्था उभी राहिली. मुख्य काम कापसाचे होते. पण नुसत्या कापसाकडे पाहून भागणार नाही. जमीन, पाण्याचा निचरा, गुरे, खत हे सारे एकत्रच पाहायला हवे, असा हॉवर्ड यांचा आग्रह. अडचण अशी, की बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाई. मग थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करावे?

त्यांनी शेतातला कचराच कामाला लावला. कडक पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली त्या आपोआप चिरडत. त्यात तण, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख मिसळून ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्ड्यात थर द्यायचे. पाणी शिंपायचे, हवा खेळावी म्हणून तीनदा उलटायचे. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार! रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड या सहकाऱ्याने सांभाळली. १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाड यांचेही नाव आहे. आपण मात्र ते विसरलो, याचे वाईट वाटते.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या आणि पुढच्या वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. इंदूर पद्धत मात्र केनियातील कॉफीच्या आणि सिलोनमधील चहाच्या मळ्यांपर्यंत गेली. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९४० मध्ये निघालेला आपला गाजलेला ग्रंथ त्यांनी गॅब्रिएल यांच्या स्मृतीला अर्पण केला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले. ज्या जमिनीवर त्यांनी हे खड्डे खणले, तेथेच पुढे आपल्या शहरातील कृषी महाविद्यालय सुरू झाले.