रिकाम्या हातांचे गुरू

आज भारतातील अनेक शहरांत सायंकाळच्या वेळी शुभ्र पोशाख परिधान केलेली मुले-मुली कराटेचा अभ्यास करताना दिसतात. प्रत्येकाच्या कमरेस पट्टा असतो. परीक्षा उत्तीर्ण होताच त्याचा रंग बदलतो, आणि काळा पट्टा मिळविणे ही तर सर्वांचीच आकांक्षा असते. कराटेच्या विद्यार्थ्यांना काळा पट्टा देण्याची प्रथा ज्यांनी सुरू केली, ते गिचिन फुनाकोशी होत. परंतु पट्टा देणाऱ्या या गुरूने विद्यार्थ्यांच्या झुंजींना मात्र विरोध केला.

फुनाकोशी यांचा जन्म इ. स. १८६८ मध्ये जपानच्या दक्षिणेस असलेल्या ओकिनावा बेटावर, शुरी या गावी झाला. दिवस पूर्ण भरण्यापूर्वीच जन्मल्यामुळे त्यांची प्रकृती अत्यंत नाजूक होती. ते आजोळी वाढले. त्यांच्या एका वर्गमित्राचे वडील आंको आझातो हे कराटेचे थोर जाणकार होते. त्या काळी ही विद्या उघडपणे शिकविली जात नसे. म्हणून हा मुलगा रात्रीच्या अंधारात कंदील घेऊन गुरुगृही जाई. पुढे आंको इतोसू यांच्याकडूनही त्याने विद्या संपादन केली.

कराटेत ठरावीक क्रमाने करावयाच्या हालचालींच्या मालिकेस ‘काता’ म्हणतात. गुरूचे समाधान होईपर्यंत एकाच काताची आवृत्ती महिनोन्महिने करावी लागे. पट्टा नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. गुरूची दृष्टी हीच परीक्षा होती. या कष्टांनी त्या दुर्बल देहात बळ आले.

१८८८ मध्ये फुनाकोशी शिक्षक झाले आणि त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले. १९२२ मध्ये शिक्षण खात्याने टोकियोत भरविलेल्या प्रदर्शनात कराटेचे दर्शन घडविण्यासाठी त्यांना पाठविण्यात आले. तेथे ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले. कराटेच्या प्रसारासाठी फुनाकोशी टोकियोतच राहिले. वयाची पन्नाशी उलटलेली, पत्नी दूर ओकिनावात, आणि हाती पैसा नाही. ओकिनावातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी आश्रय घेतला. तेथील खोल्या झाडाव्यात, बागेची निगा राखावी आणि उरलेल्या वेळी कराटे शिकवावे, असा त्यांचा दिनक्रम होता. या श्रमांत त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

शिष्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा त्यांची प्रगती मोजण्यास काही साधन हवे होते. कानो यांनी १८८० च्या दशकातच ज्यूदोत श्रेणी आणि काळा पट्टा यांची पद्धत रूढ केली होती. फुनाकोशी यांनी ती स्वीकारली आणि १९२४ मध्ये सात शिष्यांना पहिल्या श्रेणीचे काळे पट्टे दिले. आज दिसणारे नाना रंगांचे पट्टे मात्र पुढील काळातील आहेत.

लवकरच टोकियोतील विद्यापीठांत कराटेची मंडळे निघाली. तरुणांना केवळ काताने समाधान होईना. ज्यूदोत प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष झुंजावे लागते, मग आपला प्रहार खरोखर उपयोगी पडतो की नाही, हे आपणास कसे कळावे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अयोग्य नव्हता. टोकियो शाही विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तर अंगावर चिलखतासारखी साधने चढवून परस्परांवर पूर्ण बळाने प्रहार करण्यास आरंभ केला. कोणता प्रहार होणार हे आधी ठरवून केलेला जोडीचा सराव फुनाकोशी यांना मान्य होता. परंतु ही मुक्त झुंज त्यांना पटेना. विजयाची तहान लागली की संयम सुटतो, आणि संयम सुटला की कराटेचा प्राणच जातो, अशी त्यांची धारणा होती. विद्यार्थी ऐकेनात. तेव्हा १९२९ च्या सुमारास त्यांनी त्या मंडळाचे गुरुपद सोडले. एवढ्या प्रतिष्ठित विद्यापीठाचा संबंध तोडणे त्या निर्धन शिक्षकास सोपे नव्हते.

पुढे ‘चिनी हात’ असा अर्थ असलेली जुनी अक्षरे बदलून त्यांनी आपल्या विद्येच्या नावास ‘रिकामा हात’ असा अर्थ दिला. शिष्यांनी त्यांच्यासाठी ‘शोतोकान’ नावाची तालीम उभारली. ‘शोतो’ हे त्यांचे काव्यलेखनाचे टोपणनाव होते. १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात ही वास्तू नष्ट झाली. त्याच सुमारास त्यांचे पुत्र गिगो निवर्तले आणि १९४७ मध्ये पत्नीही गेली. तरीही वृद्ध गुरूने शिकविणे सोडले नाही. २६ एप्रिल १९५७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जपान कराटे संघाने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली. १९६९ मध्ये त्यांचेच एक शिष्य मासुतात्सु ओयामा यांनी पूर्ण बळाने झुंजण्याची स्पर्धा सुरू केली. काळाने गुरूंचा निषेध मानला नाही. तथापि कामाकुरा येथील एका मठात १९६८ मध्ये उभारलेल्या त्यांच्या स्मृतिशिलेवर, कराटे जाणणाऱ्याने पहिला प्रहार कधी करू नये, या आशयाची त्यांची शिकवण कोरलेली आहे. पट्टा कोणत्याही रंगाचा असो, तो कमरेस बांधणाऱ्याने ही शिकवण आधी मनात बांधावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.